भरीत देणे आहे

मे महिन्यातली दुपार, जळगावचा पारा ४५ ला टेकलेला, आणि मी व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकली : "भरीत. वय ७ महिने. लसीकरण व नसबंदी झालेली. गोचीड नाहीत. मोफत. चांगल्या घरी देणे आहे." फोटो टाकायचा राहिला. तेवढ्यानं पुढचा आठवडा पाण्यात गेला.

पहिला फोन पाच मिनिटांत. "भाऊ, वांगी कुठली? बामणोदची का?"

"अहो, भरीत कुत्रा आहे."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "कुत्र्याचं भरीत?" आणि फोन बंद.

दुसरे गृहस्थ लग्नात जेवणाचा ठेका घेणारे निघाले. तीनशे पानं उठवायची होती, जाहिरात शेवटपर्यंत वाचायला त्यांना फुरसत नव्हती. सात महिन्यांचा माल म्हणजे बर्फात ठेवलेला का, एवढंच त्यांना हवं होतं. तिसऱ्या आजोबांनी मला फैलावर घेतलं. भरीत हिवाळ्यात खायचं असतं, वैशाखात भरीत वाटणारा माणूस खान्देशातला असूच शकत नाही, माझं मूळ गाव कोणतं? मी गाव सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

नावाचा खुलासा करायला हवा. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्टी होते. वांगी, पऱ्हाट्या आणि स्वतःची विहीर असलेला एक मित्र, एवढं जमलं की झालं. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं. वांगी भाजायची ती त्यांच्यावरच. गॅसवर भाजणाऱ्याला आम्ही तोंडावर काही बोलत नाही, पण मनात ठेवतो. गेल्या डिसेंबरात तापीकाठच्या शेतात मित्रानं काडी ओढली आणि ढिगातून 'कुंई' असा आवाज आला. मी हात घालून ओढून काढलं ते जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू. खरजेनं केस झडलेले, वरून काळपट, मधूनमधून गुलाबी. भाजून अर्धवट सोललेलं वांगंच ते. आई दिसेना, भावंडं दिसेनात. अंधार पडेपर्यंत हुडकली. मग शर्टात गुंडाळून घरी आणलं. "दोन दिवसांपुरतं," असं मी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कळायला पाहिजे होतं.

चार महिन्यांत अंगावर तांबूस केस आले, एक कान उभा राहिला, दुसऱ्याचं अजून ठरत नव्हतं. आणि एप्रिलअखेर माझी ठाण्याला बदली झाली. तिथला फ्लॅट साडेतीनशे चौरस फुटांचा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे पशू कल्याण मंडळाच्या सूचनांमधलं मी घरमालकाला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "सोसायटीला घालता येत नसेल. मला येते."

भुसावळच्या मामांनी लगेच तोडगा काढला. "आणून सोड स्टेशनावर. जंक्शन आहे, ज्या गावाला जायचं त्या गावाला जाईल." मामा रेल्वेतून निवृत्त झालेत. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एक गाडी असते.

फोटोसकट जाहिरात पुन्हा टाकली, तेव्हा खरी गिऱ्हाइकं आली. एका तरुणानं जात विचारली. गावठी म्हटलं तर घेणार नाही, म्हणून मी मुंबईकडचा शब्द वापरला, 'इंडी'. "म्हणजे इम्पोर्टेड का?" त्यानं आशेनं विचारलं. या मुलाकडे आधीच एक हस्की होता. जळगावात. बर्फावर गाड्या ओढायला जन्मलेला तो जीव एसीच्या खोलीत बसून खिडकीतून गावाकडे बघायचा. मला त्या कुत्र्याशी एकट्यानं दोन शब्द बोलायचे होते, पण जमलं नाही.

यावलकडचे एक केळीवाले आले. माणूस सरळ. मळ्यात राखणीला कुत्रा हवा, दिवसभर साखळी, रात्री मोकळा. रात्री मोकळा कशाला? "सातपुडा जवळ आहे ना साहेब. बिबट्या आला तर आधी कुत्रं नेतो, माणूस वाचतो." भरीत तेव्हा त्यांची चप्पल चाटत होता. मी चप्पल सोडवून त्यांच्या हातात दिली.

असे चारपाच जण परत पाठवल्यावर मी एकवीस प्रश्नांचा फॉर्मच तयार केला. घर स्वतःचं की भाड्याचं? कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील? साखळी? दर वर्षी रेबीजचं इंजेक्शन देणार? उन्हाळ्यात फिरवायला किती वाजता नेणार? (डांबरावर आपला तळहात टेकवत नसेल तर त्याचे पाय पोळतात, अशी तळटीपही होती.) कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला बाधतात, हे ठाऊक आहे का? कांदा-लसूण नाही म्हटल्यावर निम्मा खान्देश तिथंच बाद होत होता. याचा चातुर्मास बारा महिन्यांचा.

बायकोनं फॉर्म वाचला, पेन घेतलं आणि माझ्या नावानं भरला. घर भाड्याचं. कुत्रा एकटा, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. नोकरी बदलीची. पूर्वी कुत्रा पाळल्याचा अनुभव नाही. "अहो, याला द्यायचा का कुत्रा?" तिनं विचारलं. एकवीसपैकी मला सहा मिळाले, त्यातला एक प्रेमापोटी.

मग मी जरा खाली उतरलो आणि अमळनेरच्या एका कुटुंबाला भरीत दिला. घर छान, गच्ची मोठी, माणसं हौशी. खोट एकच, दिवस बिबड्यांचे होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या कापडावर थापतात आणि उन्हात वाळवतात, त्या बिबड्या. अर्धवट वाळलेली बिबडी चोरून खाणं हा आमच्याकडे लहान पोरांचा जन्मसिद्ध हक्क. भरीतला हे कुणी शिकवलं नव्हतं, वळणच इथलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक रिक्षा आमच्या दाराशी थांबली. आधी भरीत उतरला, मागून एक पिशवी. पिशवीत उरलेल्या बिबड्या होत्या, प्रत्येकीवर चार बोटांचा सुबक ठसा उमटून कडक वाळलेला. "ह्या पण ठेवा," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी खायना." आम्ही तळून खाल्ल्या. चांगल्या होत्या.

ठाण्याला हजर व्हायला आठ दिवस उरले तेव्हा फैजपूरजवळच्या एका खेड्यातून नाना आणि जिजी आले. मुलगा नोकरीला लांब, घर मोठं, माणसं दोनच. मी फॉर्म पुढे केला. नानांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, फॉर्मची घडी करून वारा घेऊ लागले. जिजींनी भरीतच्या पाठीवरून हात फिरवला आणि मलाच विचारलं, "रातीले कुठी निजतो?"

"माझ्या पायाशी."

"मंग बरं."

एवढीच मुलाखत. मी औषधांची चिठ्ठी, लसीचं कार्ड, जुनी चादर आणि कांदा-लसणाची ताकीद दिली. ताकीद तीनदा दिली. गाडी वळली तेव्हा भरीत खिडकीतून बाहेर बघत होता, पण माझ्याकडे नाही, एका शेळीकडे.

डिसेंबरात सुट्टी काढून गेलो. ठाण्याहून निघाल्यापासून मनात एकच, ओळखेल का? जिजींनी बसायला पाट दिला आणि पाहुणा म्हणून न सोडता कांद्याची पात निवडायला दिली. मागल्या अंगणात नाना पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होते. भरीत शेतात गेला होता. राहवेना, मी ओसरीवरून हाक मारली, "भरीऽऽत!"

तुरीच्या शेतातून तो सुटला. दोन्ही कान उभे. मी पात टाकली, गुडघ्यावर बसलो, हात पसरले. तो माझ्या शेजारून गेला, शेपटी माझ्या तोंडावर मारून, थेट मागल्या अंगणात, आणि आगटीपासून हातभर अंतर ठेवून शिस्तीत बसला.

"त्याले राजा म्हणतो आम्ही," जिजी म्हणाल्या. "भरीत म्हटलं की त्याले वाटते, वांगं निघालं." नानांनी खरंच एक वांगं बाजूला काढलं, सोललं, फुंकर घालून निववलं. कांदा नाही, लसूण नाही, मिरची नाही. "तुम्हीच सांगितलं होतं ना, तीनदा."

त्यानं वाटी पुसून काढली. मग सावकाश माझ्याकडे आला, बराच वेळ माझे हात हुंगले आणि पातीचा वास लागलेली बोटं सोडून बाकीची चाटली.