बांयवर बसवलेला पंप

दूध काढायचा पंप विकत आणण्याआधी घरात एक गोष्ट पक्की ठरवून घ्या: बाळंतिणीचा स्तन म्हणजे परसातली बांय, आपली विहीर. गोव्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात बांयचा तळ दिसतो, दिवसभर मोटर चालवली की पाणी गढूळ होतं, आणि रात्रभर हात लावला नाही की पहाटे दोन पायऱ्या पाणी चढलेलं असतं. हाच न्याय दुधाला लावायचा. एवढं एकदा मनात बसलं की पुढच्या चुकांसाठी वेगळी मेहनत लागत नाही, त्या आपल्या पायांनी चालत येतात.

सुरुवात पहिल्याच दिवशी करा. बाळ जन्मून चार तास झालेत, आई नि बाळ दोघांचीही शिकवणी चालू आहे, नेमका तोच मुहूर्त. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक: दाट, पिवळसर, थेंबाथेंबाने. बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी लागतं ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, फार तर दीड. त्यातून चीक असा चिकट की पंपाच्या, स्तनावर बसवायच्या फनेलच्या भिंतीला नि व्हॉल्व्हला लागून तिथेच राहतो, बाटलीचा तळ जेमतेम ओला. आता ती बाटली ट्यूबलाइटकडे धरा, आल्यागेल्यांना दाखवा आणि निकाल देऊन टाका: दूधच नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला अंगठा नि बोटं ठेवून, आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे हलकेच दाबलं असतं, तर तोच चीक चमच्यात उतरला असता आणि बोंडल्याने बाळाच्या पोटात गेला असता. पण त्याला मोटर लागत नाही, आवाज होत नाही, आणि बोंडलं आजीने कुठल्या डब्यात ठेवलंय ते शोधावं लागतं.

(बाळ कमी दिवसांचं असेल आणि गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या) नवजात विभागात काचेच्या पेटीत असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. तिथे पहिल्या काही तासांतच हाताने नि पंपाने दूध काढायला लागायचं असतं, चोवीस तासांत आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री. ते नर्सबाई शिकवतील. आपण बोलतोय धडधाकट बाळाच्या घराबद्दल.)

खरं दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरतं, सिझेरियन असेल तर कधी थोडं उशिरा. म्हणजे सहाव्या दिवसाची, सटीची रात्र येईस्तोवर स्तन ताठलेले, जड, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. पंप तेव्हाच लावायला सांगा, शक्य तर दार उघडं ठेवून. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, आणि भीती, लाज, दुखणं यांनी तो अडतो. गाय पान्हा चोरते हे आपल्याला माहीत आहे. गोठ्यात अनोळखी माणूस आला तर आपणच त्याला बाहेर काढतो. बाळंतिणीच्या खोलीत मात्र तीन काक्या खुर्च्या ओढून बसल्या पाहिजेत आणि दर पाच मिनिटांनी एकीने विचारलं पाहिजे, "अगो, दूध आसा मगो?"

आता यंत्राकडे वळू. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिमीचं फनेल येतं, कधी सोबत २८चं. तेच वापरा. स्तनाग्राचा व्यास पट्टीने मोजायचा आणि फनेलची नळी तेवढीच किंवा एक ते तीन मिमी मोठी घ्यायची, ही भानगड कशाला? चपला घेताना पायाचं माप देतो ते वेगळं. फनेल मोठं असलं की काळसर भागही नळीत ओढला जातो, सुजतो, आणि दूध आतच अडतं. लहान असलं की स्तनाग्र भिंतीला घासून सोलवटतं. पुष्कळ बायकांना २१, १९, कधी १७ मिमी लागतं, आणि त्यासाठी सिलिकॉनचं छोटं इन्सर्ट मिळतं. पण खोक्यावरच्या फोटोतल्या बाईला २४चं बसलं होतं ना, मग आपलीला का नको!

जोर शेवटच्या आकड्यावर ठेवा. नारळाचं वाटण करायला मिक्सर तीनवर लागतो, तसंच हे. पंपाला दोन चाली असतात: आधी भरभर आणि हलकी, बाळ सुरुवातीला चोखतं तशी, पान्हा फुटेपर्यंत एक-दोन मिनिटं, मग सावकाश आणि खोल, बाळ गिळायला लागल्यावर चोखतं तशी. जोर एवढाच वाढवायचा की ओढ जाणवेल पण दुखणार नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हे सगळं पुस्तिकेत चित्रांसह छापलेलं असतं, म्हणून पुस्तिका आधी रद्दीत टाकावी. दुखल्यावर पान्हा आखडतो, दूध कमी येतं, मग जोर आणखी वाढवायला कारण मिळतं.

एवढं करूनही दूध बरं येत असेल तर व्हॉल्व्हकडे वळा. बदकाच्या चोचीसारखा हा सिलिकॉनचा इवलासा तुकडा. सगळी ओढ त्याच्या टोकावरच्या चिरेवर अवलंबून. ती चीर पिनेने, नाहीतर जुन्या टूथब्रशने घासून साफ करा. दोन-चार दिवसांत ती सैल होते, मिटत नाही, ओढ निम्म्यावर येते, आणि मोटरचा आवाज मात्र पूर्वीसारखाच येत राहतो. वापर रोजचा असेल तर नीट सांभाळलेला व्हॉल्व्हही महिन्या-दोन महिन्यांत बदलावा लागतो. स्वस्त वस्तू आहे, म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. आधी बाळंतिणीवर जातो, मग तिच्या माहेरच्या आहारावर. कित्येक घरांत आटलेलं दूध नव्या व्हॉल्व्हने एका दुपारीत परत आलं असतं, पण त्याआधीच पावडरचा डबा आलेला असतो.

नळीचं काम पाऊस करतो. जूनपासून पट्टे, पर्स, लग्नातले बूट यांना बुरशी धरते त्याच घरात पंपाची नळीही असते. आत वाफ साचून थेंब दिसले, तर पंप झाल्यावर नळी फनेलपासून सोडवून मोटर दोन-तीन मिनिटं नुसती चालवायची, की ती सुकते. तुम्ही ओलीच गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. काळे ठिपके आले की धुऊन भागत नाही, नळीच टाकावी लागते. बाकीचे भाग मोरीत, रात्रीच्या कढईशेजारी धुवा आणि चुलीपाशी लटकणाऱ्या फडक्याने पुसा. वेगळं तसराळं, गरम पाणी, साबण, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळणं आणि मग जाळीवर आपोआप वाळू देणं, हे सगळं भांडी कमी असलेल्या लोकांसाठी.

वेळापत्रक हा या कलेचा गाभा. दर पाजणीनंतर पंप, मग काढलेलं दूध बाटलीने, मग धुणं, असं चक्र चोवीस तास चालवा. हिशेब सोपा आहे. पाजायला ३५ मिनिटं, पंपाला २०, काढलेलं पाजायला १५, धुवायला १५, बाळाची ढेकर नि लंगोट ५. झाला दीड तास. नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. दहाने गुणा, पंधरा तास भरतात. उरलेल्या नवात बाळंतिणीने जेवायचं, आंघोळ करायची, शेक घ्यायचा, काक्यांशी बोलायचं आणि हसतमुख राहायचं. हे तिहेरी चक्र मुळात वजन न चढणाऱ्या किंवा नीट न ओढणाऱ्या बाळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या दिवसांचा उपाय म्हणून असतं. औषधाची गोळी चणे-फुटाण्यासारखी खाल्ली तर काय होतं, तेच इथे होतं.

ज्या घरांना हे धाडस झेपत नाही ती घरं तीन-चार आठवडे नुसतं अंगावर पाजतात आणि मग दिवसातून एकदा पंप लावतात, तोही सकाळी, पाजून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, दहा-पंधरा मिनिटं. पहाटेच्या सुमारास दूध जास्त असतं, त्यामुळे बाळाच्या पुढच्या पाळीला कमी पडत नाही. पाजल्यानंतरच्या पंपाला दोन्ही बाजूंचं मिळून ३०-४० मिली आलं तरी ते चांगलंच. बाळ पिऊन गेल्यानंतरचं ते वरचं दूध आहे. अर्थात अशा घरांत सांगण्यासारखं काही घडत नाही.

आता बांय. दोन मतं आहेत आणि दोन्ही पाळावीत. पहिलं मत आजीचं: "जरा साठू दे." रात्रीची एक पाजणी चुकवा, पाच-सहा तास हात लावू नका, म्हणजे सकाळी भरपूर येईल. सकाळी येतंही. पण भरलेल्या स्तनात दूध बनण्याचा वेग मंदावतो, आणि रोज असं साठू दिलं की शरीर समजतं, इतकं लागत नाही. दुसरं मत बाळाच्या बाबांचं, फोनवर वाचलेलं: दर पाजणीनंतर शेवटच्या थेंबापर्यंत काढा, साठा करा. शरीर समजतं, जुळी झाली. दूध बाळाच्या गरजेपेक्षा वाढतं, पान्हा असा सुटतो की बाळाला ठसका लागतो, हिरवी फेसाळ शी होते, आणि आईच्या छातीत गाठी. गाठ आली की खोबरेल लावून बोटांनी रगडा, वर गरम पाण्याची पिशवी, आणि पंप दुप्पट. पूर्वी डॉक्टरही शेक नि मालीश सांगत. आता उलटं सांगतात: फडक्यात गुंडाळलेला बर्फ, रगडणं बंद, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, पंपाने रिकामं करायच्या मागे लागायचं नाही, आणि ताप नि लाली एका दिवसात उतरली नाही तर दवाखाना. हे सांगणारे तरुण डॉक्टर आहेत, त्यांना बांय कुठे माहीत!

साठा झाला की तो फ्रीजच्या दारात ठेवा. दार सतत उघडतं, तिथे थंडपणा टिकत नाही, म्हणून मागच्या बाजूला ठेवायचं असतं. तिथे तुमच्याकडे बांगड्यांचं पातेलं आहे, ते हलवू नका. खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर काढलेलं दूध चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. मे महिन्यात आपली खोली तेहतीसला असते, तेव्हा तो चार तासांचा आकडा कुणा थंड देशातल्या टेबलासाठी आहे असं समजून काढल्या काढल्या फ्रीजमध्ये टाकायला हवं. तुम्ही ते देवघराशेजारी ठेवून जेवायला बसा. ताजं कोमट दूध सकाळच्या थंड दुधात ओता, वेगळं थंड करत बसू नका. पिशवीवर तारीख नको, आठवणीत असतेच. पहिल्या पावसाबरोबर वीज गेली की फ्रीजर दर दहा मिनिटांनी उघडून दूध वितळलं का ते बघा. बंद ठेवलेला भरलेला फ्रीजर जवळपास दोन दिवस तग धरतो, पण तसं केल्यास वीज येईपर्यंत करायला काही उरत नाही.

फ्रीजमधल्या दुधावर साय वेगळी होऊन तरंगते, खाली पातळ निळसर. बाटली हलकेच गोल फिरवली की एक होतं. तुम्ही "फाटलं" म्हणून ओतून द्या. दीड तास पंपापाशी बसून मिळालेले साठ मिली मोरीत जाताना बाळंतिणीचा चेहरा बघू नका. न ओतलंत, तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आत एका जागी जीभ भाजेल इतकं तापलेलं असतं. गरम पाण्याच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं धरण्यात तसला थरार नाही.

बाटलीने पाजताना बाळाला उताणं झोपवा, बाटली उभी धरा, निप्पलचं भोक मोठं घ्या. साठ मिली तीन मिनिटांत गायब. गुरुत्वाकर्षणाने घशात ओतलेलं गिळण्याखेरीज त्याला दुसरा मार्ग नसतो, पण तुम्ही सगळ्यांकडे बघून म्हणा, "बघा, केवढं उपाशी होतं!" बाळाला जवळजवळ बसतं धरून, बाटली आडवी ठेवून, कमी धारेच्या निप्पलने, मध्ये थांबत पाजलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्याचं पोट भरल्याचं त्याला स्वतःलाच कळतं. १९९२च्या कायद्याने आपल्या देशात दूधपावडरच्या आणि दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे, डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं छापावं लागतं. घरातल्या माणसांनी केलेल्या जाहिरातीला तो कायदा लागत नाही.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. मोरी माशाचं, म्हणजे शार्कचं आंबट, अळीव, मेथीची पेज, सगळं द्या, फक्त ते खाण्याएवढा वेळ देऊ नका. (मोठ्या मोरीच्या मांसात पारा साठतो, म्हणून ती पाजणाऱ्या बाईला रोज नको, हे मासळीबाजारात सांगून बघा.)

आणि नोकरी? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. तरी फ्रीजर पाचव्या दिवसापासून भरायला घ्या. सहा महिन्यांनी वेर्ण्याच्या बसमध्ये बसायची वेळ येईल, त्याच आठवड्यात पहिल्या पिशवीची मुदत संपेल आणि बाळ नाचणीच्या सत्त्वाला लागलेलं असेल.

शेवटी एक वही करा. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या हिशेबाची असते तशी, रेघा मारून. तारीख, वेळ, डावा, उजवा, मिली. ओल्या लंगोटांचा रकाना ठेवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, तीन-चार पिवळ्या शी, दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत, मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, असल्या खुणा बाटलीवर छापलेल्या नसतात. पहाटे साडेपाचला वाडीत पोदेराचा भोंपू वाजेल. बाळ अंगावर पिऊन, तोंड उघडं टाकून झोपलेलं असेल, लंगोट जड, मुठी सैल सुटलेल्या, आणि आईलाही नुकता डोळा लागलेला. हलवून उठवा तिला. साडेपाचचा रकाना रिकामा आहे.