२५२० चं 'रहस्य' आणि बिचारा रामानुजन

तो मेसेज परत फिरायला लागलाय. २५२० ही म्हणे जगातली एकमेव संख्या जिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, रामानुजनने शोधली, गणितज्ञ चक्रावले, आणि रहस्य काय तर आठवड्याचे ७ दिवस गुणिले महिन्याचे ३० गुणिले वर्षाचे १२ महिने.

एकमेव? दुप्पट करा, ५०४०, जातो भाग. तिप्पट ७५६०, जातो. १ ते १० चा सरळ गुणाकार ३६२८८००, तो २५२० च्या १४४० पट, त्यालाही जातो. अशा संख्या संपणारच नाहीत, २५२० त्यातली सगळ्यात लहान, म्हणजे आपला शाळेतला लसावि. ८ साठी तीन वेळा २ घ्या, ९ साठी दोनदा ३, मग एक ५ आणि एक ७, बाकीचे आपोआप आत येतात. ८×९×५×७, संपलं. चक्रावलेले गणितज्ञ कोण ते काही मेसेजात सांगत नाहीत.

रामानुजनने शोधली हेही नाही. दिलेल्या संख्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या कशी काढायची हे ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इ.स.पूर्व ३०० च्या आसपास लिहून ठेवलंय.

कॅलेंडरवाला मुद्दा जरा मजेशीर आहे कारण गुणाकार बरोबर येतो. पण ३० गुणिले १२ म्हणजे ३६०, आणि त्याला १ ते १० मधल्या एकट्या ७ ने भाग जात नाही, मग ७ ने गुणल्यावर दुसरं काय होणार? खरं वर्ष घ्या ना, ३६५×७ = २५५५, याला २ ने पण भाग जात नाही, उडालं रहस्य.

आता चीड कशाची येते सांगतो. रामानुजनचा २५२० शी खरंच संबंध आहे आणि तोच मेसेजात नाही! १९१५ मधे त्याचा 'हायली कंपोझिट' संख्यांवर मोठा पेपर आला, म्हणजे अशी संख्या जिला तिच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक आहेत. १६८० ला ४०, २५२० ला ४८, ५०४० ला ६०. विभाजक एक, दोन, तीन, चार करत मोजत बसायला नको, नुसते घात बघायचे, २५२० मधे २ चा घात ३, ३ चा २, ५ चा १, ७ चा १, प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा, ४×३×२×२ = ४८. आणि हायली कंपोझिट संख्येत या घातांचा क्रम कधी चढता नसतो, मोठ्या मूळ संख्येचा घात लहानीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण असला तर अदलाबदल करून तेवढ्याच विभाजकांची लहान संख्या मिळते. अशा १०२ संख्यांची यादी त्याने दिली, पार ६७४६३२८३८८८०० पर्यंत, हिला १००८० विभाजक.

तिथपर्यंतची एक मात्र त्याच्या यादीतून सुटली, २९३३१८६२५६००. तिला २३ ने गुणून बघा, यादीतली शेवटची येते. आणि तिचे विभाजक मोजले तर बरोब्बर ५०४० 😄