थोराड म्हणे!

"हिरॉइन जरा थोराड वाटते, नाही?"

तोंडात चकली, पाय आमच्या टीपॉयवर आणि वर हे वाक्य. चकली मी केलेली. रेने रूसो पडद्यावर येऊन मिनिट झालं नसेल. बाई धड दोन वाक्यं बोलली नव्हती आणि आमच्या धाकट्या भाऊजींनी निकाल लावूनही टाकला. त्यातलं ते 'नाही?' माझ्याकडे बघून. माझ्याकडे! वय ४६, गुडघ्याला पट्टा, हातात त्यांच्याच चहाचा ट्रे.

ही रविवारची गोष्ट. आज बुधवार. शब्द कानातून जात नाही. लोकलमध्ये लटकताना तेच, ऑफिसात फायली लावताना तेच. काल सगळा राग कणकेवर काढला. पोळ्या मात्र लुसलुशीत झाल्या, तेवढाच फायदा.

थोराड! काय शब्द आहे. म्हातारी म्हटलं असतं तर सरळ भांडता आलं असतं. वयस्कर म्हटलं असतं तर न ऐकल्यासारखं केलं असतं. पण थोराड हा खास कांदेपोह्यांच्या बाजारातला शब्द. मुलीचं वय तर काढायचंय, पण काढलं असं दिसायला नको, तेव्हा हा बाहेर येतो. २००४ साली मला बघायला आले होते तेव्हा हाच शब्द बाहेरच्या खोलीतून आत ओट्यापर्यंत आला होता. "मुलगी चांगलीय हो, पण जरा थोराड वाटते." बोलणाऱ्या कोण, तर आजच्या माझ्या मावससासूबाई. मी नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. गेली बावीस वर्षं दर दिवाळीला मी त्यांना वाकून नमस्कार करते आणि दर दिवाळीला तो ओटा आठवतो. म्हणजे शब्द घराण्यातच आहे. मधुमेहासारखा.

आता हिशेब ऐका. सिनेमा 'द थॉमस क्राउन अफेअर', १९९९चा. श्रीमंत चोर क्राउन आणि त्याला पकडायला निघालेली विमा कंपनीची बाई, त्यांचं जमतं, अशी गोष्ट. रेने रूसो तेव्हा ४५ची. पीअर्स ब्रॉस्नन ४६चा. म्हणजे तो मोठा! तो थोराड वाटला नाही. तो हसताना डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या की "काय पर्सनॅलिटी आहे", आणि ती हसली की थोराड. आदल्या रात्री बघितला तो मूळचा, १९६८चा. त्यात स्टीव्ह मॅक्वीन ३८चा आणि फे डनवे २७ची. अकरा वर्षांचं अंतर. त्यावर चकार शब्द नाही. उलट "जोडी काय जमलीय!" जमेल नाहीतर काय.

आणि बोलणारे कोण? भाऊजी स्वतः ४५. बरोबर रेने रूसोच्या वयाचे. आमच्याकडे लिफ्ट बंद असली तर दुसऱ्या मजल्यावर आल्यावर तीन मिनिटं त्यांना बोलता येत नाही, नुसता हात वर करून 'थांबा' म्हणतात. ती बाई त्या सिनेमात जिन्यावर काय काय करते ते तुम्ही पाहिलंच असेल. आणि थोराड ती.

चूक माझीच. घरच्यांना जमवून सिनेमा दाखवू नये हे मला कळायला हवं होतं. कितव्यांदा? पण हौस ना. शनिवारी मूळचा, रविवारी नवा, दोन्हीकडे भेळ, चकल्या, चहा. सासूबाई, नवरा, लेक, भाऊजी, जाऊबाई. म्हटलं, एका गोष्टीचे दोन सिनेमे लागोपाठ बघितले की मजा येईल, बोलू त्यावर. बोलले! सगळे बोलले. सिनेमा चालू असतानाच बोलले.

शनिवारचं सांगते. मूळच्यात दरोड्याच्या वेळी पडद्याचे तुकडे होतात. एकाच वेळी वेगवेगळ्या चौकटींत वेगवेगळी माणसं, एकमेकांची ओळखदेख नाही, आणि सगळी बोस्टनच्या त्या एका बँकेकडे निघालेली. पाब्लो फेरोने केलेलं काम आहे ते, संकलन हॅल ॲशबीचं. माझ्या अजून अंगावर काटा येतो. सासूबाई म्हणाल्या, "टीव्ही बिघडला का गं? चौकोन चौकोन दिसतायत." त्यांच्यावर माझा राग नाही, त्या ७८च्या आहेत. राग आहे तो उठून सेट टॉप बॉक्सची वायर हलवून आलेल्या माणसावर. इंजिनिअर आहे तो माणूस. लग्न केलंय मी त्याच्याशी.

मग सासूबाईंनी विचारलं, "एवढा श्रीमंत आहे ना हा, मग दरोडा कशाला? नड काय त्याला?"

"कंटाळा आला म्हणून," मी म्हटलं.

"मग लग्न करायचं."

"झालं होतं. मोडलं."

"मग बरोबर," म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या. आख्ख्या घरात सिनेमा कळला तो त्यांना एकटीला.

नंतर बुद्धिबळ. मिनिटामागून मिनिटं जातात, जवळजवळ एक शब्द नाही, फक्त बोटं, ओठ, सोंगट्या आणि मिशेल लग्रांचं संगीत. नॉर्मन ज्युइसनने तो प्रसंग असा घेतलाय की कपडे अंगावर असूनही सोबत पोरीला बसवायचं का असा प्रश्न पडावा. आणि भाऊजी? भाऊजी मोबाइलवर रेटिंग शोधत होते. पुढ्यात सिनेमा चालू आहे आणि हा माणूस त्याला किती स्टार मिळालेत ते बघतोय! जेवायला बसल्यावर वरणाची चव शेजाऱ्याला विचारतात का? मग मान वर करून म्हणाले, "स्लो आहे, नाही? आम्ही शाळेत याच्यापेक्षा फास्ट खेळायचो." शेवटची वीस मिनिटं तर ते गॅलरीत फोनवर होते. कुणाला तरी टाइल्सचा रेट सांगत होते.

आणि हाच माणूस, हाच, दुसऱ्या दिवशी रिमेक सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर मान हलवत म्हणतो, "छे! ओरिजिनलची सर नाही."

कुठल्या ओरिजिनलची? टाइल्सच्या?

पण हे आपल्याकडे असंच. दुसऱ्यांदा केलेली कुठलीही गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. पुरणपोळी आजीच्याच हातची, पाऊस आपल्या लहानपणचाच, 'डॉन' १९७८चाच. पाहिला असो वा नसो. 'ओरिजिनल ते ओरिजिनल' म्हटलं की माणसाला आपोआप अभिरुची येते, फुकटात, बसल्या जागी. ('धडक' आला तेव्हा मीही 'सैराट'च्या बाजूने भांडले होते. ते वेगळं. ते रास्त होतं. त्या विषयात मला कुणी शिकवू नये.)

बरं, मुद्दे काढायचे तर काढा ना. बँकेच्या जागी म्युझियम आलं, नोटांच्या जागी मोनेचं चित्र आलं, बोस्टनचं न्यूयॉर्क झालं, यावर बोला. जॉन मॅकटिअर्नन म्हणजे 'डाय हार्ड'वाला, धडाधड गोळ्या घालणारा दिग्दर्शक, त्याने इतका मऊ सिनेमा कसा केला, त्यावर बोला. शेवटी मॅग्रितच्या त्या चित्रातल्यासारखे गोल टोपीवाली एकसारखी माणसं म्युझियमभर फिरतात, मागे नीना सिमोन गातेय, पोलीस वेडे व्हायची वेळ, निदान तेव्हा तरी गप्प बसा! तेव्हा जाऊबाईंना गॅस बंद केला की नाही ते आठवलं.

आणि ब्रीफकेस. तुमच्याही घरात तो एक असेलच, ज्याला फक्त क्राउनची ती चित्र चोरून न्यायची ब्रीफकेस दिसते. "वहिनी, एवढं चित्र, त्याने मध्ये दुमडलं कसं? कॅनव्हास आहे तो, चटई नाही." सिनेमा संपेपर्यंत तेच. खोली तापवून कॅमेरे आंधळे करायचे ही युक्ती चालली, ट्रोजन घोड्यातून चोर येतात हे चाललं, कारंज्यासारखं पाणी उडून एका चित्राखालून दुसरं निघालं तेही चाललं. पण ब्रीफकेस नाही. खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडेही नाही, म्हणून जास्तच राग आला.

त्यातही गंमत बघा. नव्या सिनेमात क्राउन ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईकडे जाऊन बसतो ना, ती फे डनवे. कालचीच! ३१ वर्षांनी, तिथेच त्याच्या समोर खुर्चीत, त्याला ओळखून असल्यासारखी हसतेय. मी वाट बघत होते कुणीतरी ओळखेल म्हणून. कुणीही नाही. शेवटी मी सांगितलं तर नवरा म्हणाला, "हॅ, ती वेगळी होती. ती केस वर बांधायची." बावीस वर्षांत मी तीनदा केस कापलेत. आता मला कळलं, ते का लक्षात आलं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि पाणी प्यायला उठले. फ्रीज उघडला आणि तसाच धरून उभी राहिले. कारण आठवलं.

२००१. पुणे, आमचं होस्टेल, कॉमन रूममधला टीव्ही, केबल. हाच सिनेमा, हाच १९९९चा. मी २१ची. रेने रूसो आली आणि मी, मी स्वतः, मोठ्याने म्हणाले होते, "ए, ही आईच्या वयाची आहे गं! दुसरी कुणी मिळाली नाही का?" सगळ्या हसल्या होत्या. मी तेव्हा विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. माझी आई त्या वर्षी बरोबर ४६ची होती.

फ्रीज बंद केला.

आता माघार घेऊ का? छे. मी तेव्हा २१ची होते, अक्कल नव्हती, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या चकल्या खात नव्हते. शिवाय त्या चॅनेलने तर जिना पूर्णच कापला होता. ती काळ्या झिरझिरीत ड्रेसमध्ये नाचतेय, तो बघतोय, संगीत चढत चाललंय, आणि एकदम सकाळ. मध्ये काय झालं हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं नाचून दमले असतील. अशा परिस्थितीत माणूस काय मत बनवणार?

आणि लाज निघालीच आहे तर पुढचंही सांगून टाकते. त्यानंतर चांगली दहा वर्षं मी जिथे तिथे "मूळचा जास्त चांगला आहे हं" असं सांगत फिरले. पाहिला कधी, तर लेक बालवाडीत गेल्यावर. त्याआधी फक्त गाणं ऐकलं होतं. ते चक्रात चक्र, गोलात गोल फिरणारं, ज्याला ऑस्कर मिळालं ते. गाण्यावरून सिनेमाला मार्क देत होते. वरणाची चव शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा हे काही फार वेगळं नाही, हे मला दिसतंय. दिसू दे.

खरं सांगू? मला नवाच आवडतो. म्हणजे मूळचा सिनेमा म्हणून उजवाच, ती बुद्धिबळाची रात्र नव्यात कुठेच नाही. पण शेवट. मूळच्यात ती पोलिसांना घेऊन त्याची वाट बघत उभी असते, रोल्स रॉइस येते, त्यातून तो उतरत नाही, येते फक्त तार. पैसे घेऊन ये, नाहीतर गाडी ठेव. ती तार फाडते, कपटे वाऱ्यावर आणि डोळ्यांत पाणी. २७ वर्षांची मुलगी. "मम्मी, गाडी ठेवून घ्यायची ना," आमची लेक म्हणाली, "रडतेय काय?" तिचं बरोबरच असेल.

नव्यातही ती पोलिसांना सांगते बरं का. तीच चूक, तोच विश्वासघात. पण इथे ४५ वर्षांची बाई विमानात बसून मुसमुसतेय आणि मागच्या सीटवरून रुमाल पुढे येतो. माणूसही मिळतो, आवडलेलं चित्रही मिळतं, आणि वर त्याला दम भरायलाही ती कमी करत नाही. थोराड बाईला एवढं सगळं मिळालेला दुसरा सिनेमा मला दाखवा. दाखवाच. मी वाट बघते.

या प्रसंगाला मी दर वेळी रडते. रविवारीही डोळे भरून आले होते, आता शेवटी स्टिंगच्या आवाजात तेच जुनं गाणं सुरू होणार, म्हणून मी सोफ्यावर पाय वर घेऊन नीट बसले. आणि त्या अ‍ॅपने पडदा आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढा केला, कोपऱ्यात ढकलला आणि 'पाच सेकंदांत सुरू होईल' म्हणून कुठलातरी झॉम्बींचा प्रकार लावला. रिमोट भाऊजींच्या मांडीखाली. ते उठेस्तोवर एका झॉम्बीने दुसऱ्याचा हात खाल्ला होता. "हे बघू या का?" भाऊजी म्हणाले, "फास्ट वाटतंय."

आत्ता, हे लिहीत असतानाच, त्यांचा मेसेज आलाय. कुठलीतरी बातमी पाठवलीय, मायकेल बी. जॉर्डन तिसरा थॉमस क्राउन करतोय, दिग्दर्शनही त्याचंच. खाली लिहिलंय, "वहिनी, आला की तुमच्याकडेच बघू. या वेळी हिरॉइन जरा लहान असू दे म्हणजे झालं." आणि हसणारे तीन चेहरे.

निळ्या टिका पडल्यात. पडू देत. चकल्यांचा डबा मी माळ्यावर टाकलाय. तिथे जायला शिडी लागते.