दोन वर्षांपेक्षा जुनं ते उडवा, म्हणे!

रविवारी सकाळी मामाचा फोन. आवाज एकदम खुशीतला. "अरे, ९४ लेख उडवले! आता बघ साइट गूगलवर कशी वर येते." मी खुर्चीवरून उठलोच.

मामा गेली चौदा वर्षं स्वतःच्या वेबसाइटवर जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या दुरुस्तीबद्दल लिहितो. निव्वळ हौस. वाचक सर्चमधून यायचे, ते दोनेक वर्षांत आटत गेले. नेमका त्याच वेळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाच कलमी फॉरवर्ड आला, "वेबसाइटवरचे वाचक कमी झाले? चूक तुमचीच!" तो मलाही तीन ग्रुपवर आला होता. मी हसून सोडून दिला, ते चुकलंच.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी ती कलमं: दोन वर्षांपेक्षा जुने लेख काढून टाका, गूगलला शिळं चालत नाही. रोज एक नवा लेख टाका. प्रत्येक पानात मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमधले वाचकाला न दिसणारे शोधशब्द, भरा. गूगलला जाहिरातीचे पैसे दिल्याशिवाय वर येता येत नाही. आणि एआयच्या नावाने रडू नका, त्याचा काही संबंध नाही.

नुकसान पहिल्या कलमाने केलं, म्हणून आधी तेच घेतो. साइटवाल्यांसाठी गूगलची स्वतःची मार्गदर्शिका आहे. तिच्यात लेखकाने स्वतःला विचारायचे प्रश्न दिलेत. त्यातला एक असा: साइट ताजी दिसावी आणि त्यामुळे वर यावी, एवढ्यासाठी तुम्ही ढिगाने नवं टाकताय का, किंवा जुनं काढताय का? आणि लगेच कंसात उत्तर: नाही, त्याने काही होणार नाही. इतकं उघड लिहिलेलं आहे! २०२३ च्या ऑगस्टमध्ये सीनेट या मोठ्या साइटने हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती. त्याच सुमारास गूगलच्या माणसाने जाहीरपणे सांगितलं होतं की जुनं म्हणून गूगलला आवडत नाही, असा काही प्रकारच नाही.

काढल्याने होतं काय, तेही बघा. मामाचं एक पान होतं, रेडिओवर स्टेशन दाखवणाऱ्या काट्याची दोरी चाकांवरून कशी ओवायची, याचं. २०१२ सालचं, सोबत हाताने काढलेलं चित्र. रेडिओच्या नादी लागलेल्या कितीतरी लोकांनी आपापल्या साइटवरून त्या पानाची लिंक दिली होती. आता त्या सगळ्या लिंका ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' या पाटीवर, जाऊन आपटतात. लहान साइटकडे दुसरं भांडवल असतं तरी काय? लोकांनी आपणहून दिलेल्या लिंका, एवढंच. आणि १९५० च्या रेडिओतली दोरी ओवायची पद्धत दोन वर्षांत शिळी कशी होते, हे मला फॉरवर्डवाल्याने समजावून सांगावं.

बरं, यात अर्धा आणा खरं आहे, तो देऊन टाकतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट (निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला बदल) आणताना गूगलनेच म्हटलं होतं की बिनकामाचा मजकूर काढल्याने बाकीच्या पानांना फायदा होऊ शकतो. पण तिथे शब्द बिनकामाचा आहे. कोणीतरी त्याचं 'जुना' केलं आणि पुढे ढकलून दिलं.

मेटा कीवर्डचं एका ओळीत: रँकिंगसाठी ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. जाहिरातीचे पैसे दिले की जाहिरात दिसते, खालच्या निकालांतली जागा त्याने बदलत नाही, असं गूगल कायम सांगत आलंय. रोज एक लेखाबद्दल मार्गदर्शिकेतलं ते कंसातलं उत्तर पुन्हा वाचा. शिवाय रेडिओ रोज बिघडत नाहीत.

आता एआय. फॉरवर्डमधलं सगळ्यात चीड आणणारं वाक्य हेच, कारण दोष सरळ लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ च्या मार्चमधलं ९०० अमेरिकी प्रौढांचं ब्राउझिंग तपासलं. गूगलच्या निकालात वर एआयचा सारांश असेल, तर नेहमीच्या निकालातल्या लिंकवर क्लिक झालं ते ८ टक्के वेळा. सारांश नसेल तेव्हा १५ टक्के. आणि सारांशातच दिलेल्या लिंकवर? १ टक्का. गूगलला ही पद्धत मान्य नाही, आणि यात लहान साइटींचा वेगळा हिशोबही नाही. तरी 'काही संबंध नाही' म्हणायला जिगर लागते.

मामाचं सर्च कन्सोल, म्हणजे साइटवाल्याला सर्चचे आकडे दाखवणारं गूगलचं साधन, उघडून बसलो तर तेच चित्र. साइट निकालात किती वेळा दिसली ती रेघ बऱ्यापैकी आडवी, क्लिकची रेघ मात्र घसरगुंडीसारखी. "काट्याची दोरी घसरते" असं शोधून पाहिलं, तर वरच तीन ओळींत उत्तर तयार: दोरीला राळ चोळा. बरोबर आहे. पण आधी स्प्रिंगचा ताण तपासा, हे मामाने पानभर समजावलंय, ते वाचायला खाली कोण उतरणार?

सगळं एआयचंच पाप आहे असं मी म्हणत नाही. २०२३ च्या सप्टेंबरातल्या आणि २०२४ च्या मार्चमधल्या गूगलच्या अपडेटनंतर कित्येक लहान साइटवाल्यांनी आपले आकडे कोसळल्याचं सांगितलंय, आणि तेव्हा हे सारांश सगळीकडे पोचलेही नव्हते. मामाचं नेमकं कशाने झालं, ते त्या रेघेवरून छातीठोक सांगता येत नाही. मेटा कीवर्ड न भरल्याने झालं नाही, एवढं येतं.

बॅकअप अर्थातच नव्हता. तीन संध्याकाळी बसून वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवरून ७१ लेख परत मिळवले आणि जुन्याच पत्त्यांवर ठेवले, म्हणजे लोकांच्या लिंका पुन्हा चालू होतील. दोरीचं पान सापडलं, चित्र नाही सापडलं. मामाने कपाटावरून एक रेडिओ उतरवून उघडलाय आणि पेन्सिल शोधतोय.