चोर सोडून मालकाला सुळी

जुनी पिकअप बघायला येणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. मग धुराचा रंग बघतो, टायरच्या खाचांत नाणं घालतो, खाली वाकून चासीवरचा गंज नखाने खरवडतो. ज्याला यातलं काहीच कळत नाही, तो निदान टायरला लाथ तरी मारतो. पण प्रत्येक कुलपात किल्ली घालून ती फिरते का, हे बघणारा इसम मी अजून पाहिलेला नाही. दाराला कुलूप दिसतंय ना, मग झालं.

पिकअपला कुलपं किती असतात, हे सौदा झाल्यावर कळतं. दोन दारं, इग्निशन, इंधनाच्या टाकीचं झाकण, समोरचा खण, हौद्याचं मागचं फाळकं, हौद्यात कुणीतरी बोल्ट मारून बसवलेली हत्यारांची पेटी आणि स्टेपनीच्या साखळीला लोंबणारं एक गंजकं कुलूप. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा एकदोन किल्ल्यांत सगळा संसार चालला असेल. पुढे कुणी एक दार बदललं, कुणी टाकीचं झाकण हरवलं, कुणाची पेटीची किल्ली मोडली, आणि दर वेळी नव्या कुलपाबरोबर नवी किल्ली घरात आली. माझ्या हाती आलेल्या जुडग्यात एक किल्ली तर कशालाच लागत नाही. ती मी टाकलेली नाही. टाकली की दुसऱ्याच दिवशी तिचं कुलूप सापडणार, याची मला खात्री आहे.

जुडग्याबरोबर आधीच्या मालकाने वापरायची रीतही तोंडी सांगितली. “ड्रायव्हरच्या दाराला ही. पूर्ण आत घालायची, मग केसभर मागे ओढायची, आणि दार जरा उचलून धरून फिरवायची.”

“आणि क्लीनरच्या बाजूचं?”

“ते आतून उघडायचं.”

“फाळकं?”

“ते लावू नका.”

एवढं सांगून तो जी पाठ फिरवून गेला, ती त्याच्या चालीतली हलकी उडी मला नंतर बरेच दिवस आठवत होती.

क्लीनरच्या बाजूच्या दाराचं दुखणं साधं आहे. त्या कुलपात वर्षानुवर्षं कुणी किल्लीच घातलेली नसते. ड्रायव्हर आत बसतो, हात लांब करतो, आतली खुंटी वर ओढतो. बाहेरच्या भोकात तेवढ्या काळात धूळ जाते, पाणी जातं, गंज चढतो, आणि एक दिवस कुलूप हा प्रकार संपून फक्त भोक उरतं. त्याच्याशी मी लवकरच तह केला. पण फाळक्याशी तह होईना, कारण माझ्या भाच्याला वळण फार चांगलं आहे.

शेजारच्या काकांचं लोखंडी कपाट हलवायचं होतं. पिकअपवाल्या माणसाला अचानक किती शेजारी असतात, हेही गाडी घेतल्यावरच समजतं. कपाट हौद्यात आडवं चढवलं, दोर आवळला. तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, हे उघडंच राहिलंय,” आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत त्याने फाळक्याला किल्ली लावली. किल्ली इतकी सुखात फिरली की माझ्या पोटात गोळा आला. मुक्कामी पोचल्यावर तीच किल्ली उलटीही तितक्याच सुखात फिरली. फाळकं मात्र जागचं हललं नाही. मागाहून कळलं की कुलपापासून खटक्यापर्यंत एक बारीक कांडी जाते आणि ती अडकवणारी प्लास्टिकची क्लिप कुलूप लावण्याचं शेवटचं कर्तव्य बजावून तुटली होती. आत किल्ली फिरत होती, कुलूप फिरत होतं, पण पुढे निरोप जात नव्हता. कपाट शेवटी चौघांनी बाजूच्या कडेवरून तिरकं करून उतरवलं. उतरवताना ते एका कोपऱ्यावर आदळलं. काका काही बोलले नाहीत, फक्त त्या कोपऱ्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

कुलूप अडकलंय असं म्हटलं की ज्याला त्याला वैद्यकी सुचते. कुणी म्हणालं खोबरेल घाल, कुणी म्हणालं इंजिन ऑइल. एकाने डब्ल्यूडी-४० चा फवारा आणून दिला. हे मिश्रण १९५३ साली मुळात पाणी दूर सारून गंज रोखायला बनवलं गेलं. जाम झालेलं कुलूप सोडवायला ते उपयोगी पडतं, पण त्याचा ओलावा उडून गेला की कुलूप आपल्या मूळ स्वभावावर येतं. जाणकार म्हणतात, कुलपात कोरडं वंगण हवं, म्हणजे ग्राफाइटची पूड. तेल धुळीला धरून ठेवतं, पूड धरत नाही. दोन्ही एकदम घातलं तर मात्र आत काळा चिखल होतो. माझ्या गाडीच्या एका मालकाने तेल घातलेलं होतं आणि दुसऱ्याने पूड.

तो चिखल चावीवाल्याने मला दाखवला. त्याने दाराचं आतलं कव्हर सोडवलं, कुलूप बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि त्याचं पोट रिकामं केलं. आतून पितळेच्या नखाएवढ्या पत्र्या निघाल्या. प्रत्येकीला मधोमध चौकोनी खिडकी, कडेला केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली आत गेली की तिचे उंचवटे या पत्र्यांना आपापल्या जागी उचलतात. सगळ्या एका पातळीत आल्या तरच मधला गोल दांडा फिरतो, एकीचंही डोकं बाहेर राहिलं तर फिरत नाही. घरच्या दाराच्या कुलपात पत्र्यांऐवजी खिळे असतात, त्याचं चपट्या किल्लीचं रूप लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन माणसाने १८६१ साली पेटंट केलं. दीडशे वर्षं उलटली तरी किल्ली केसभर मागे ओढून दार उचलण्याची सोय त्याच्या डोक्यात कशी आली नसेल, याचं मला नवल वाटतं.

“साहेब, कुलपात दोष नाही,” चावीवाला पत्र्या पुसता पुसता म्हणाला. “किल्ली बघा.”

त्याने माझी किल्ली उजेडात धरली. तिचे दात दात राहिले नव्हते, नुसती चढउताराची लाट उरली होती. ही किल्ली कारखान्याची नव्हतीच. कारखान्याची झिजली तेव्हा तिच्यावरून कुणीतरी दुसरी काढून घेतली, ती झिजली तेव्हा तिच्यावरून तिसरी. नक्कल काढायचं यंत्र समोरची किल्ली प्रामाणिकपणे उतरवतं, झिजेसकट उतरवतं आणि वर आपली थोडी चूक घालतं. अशी वंशावळ दोनतीन पिढ्या चालली की कुलूप आपल्याच नातवंडाला ओळखत नाही. यावर खरा उपाय म्हणजे किल्लीचा मूळ नंबर. तो कधी किल्लीबरोबरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असतो, कधी कागदपत्रांत, कधी खुद्द कुलपावर कोरलेला. नंबरावरून मूळ मापाची कोरी किल्ली कापता येते. बिल्ला अर्थातच पहिल्या मालकाकडे गेला होता, आणि कागदपत्रं समोरच्या खणात होती. त्या खणाचं कुलूपही अडकलेलं होतं. नशिबाने नंबर दाराच्या कुलपाच्या अंगावरच निघाला, चिखलाखाली.

नवी किल्ली लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. मी आनंदाने तीच इग्निशनमध्ये घातली. इग्निशनचं मूळ कुलूप बदललेलं नव्हतं, त्यामुळे ती तिथेही फिरली, समोरचे सगळे दिवे लागले, आणि इंजिन क्षणभर घुरघुरून बंद पडलं. कारण जुन्या किल्लीच्या काळ्या मुठीत एक चिप होती आणि नव्या किल्लीच्या मुठीत नुसतं प्लास्टिक. त्या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. वीज मिळाली की चिप आपला आकडा सांगते, गाडीचा कॉम्प्युटर तो पडताळतो, पटला तर इंजिन चालू देतो. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली, आणि चोरांचे त्याने खरोखर वांधे केले, हे मान्य करायला हवं.

मग नवी चिप गाडीला ओळखीची करून द्यायची. काही गाड्यांत हे मालकाला घरच्या घरी करता येतं. पहिली किल्ली फिरवायची, काढायची, दुसरी फिरवायची, काढायची, मग नवी घालायची. वाचायला फार सोपं. ग्यानबाची मेख एवढीच की त्यासाठी आधीच्या दोन चालत्या किल्ल्या हातात लागतात. म्हणजे जादा किल्ली बनवायला जादा किल्ली हवी. एकच असेल तर कॉम्प्युटर घेऊन बसणाऱ्या माणसाकडे जावं लागतं, आणि तो आधी गाडी तुमचीच आहे याचा पुरावा मागतो. मी पुरावा दाखवला. त्याने माझ्याकडे, फाळक्याकडे, जुडग्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुमचीच असणार.”

गंमत अशी की हत्यारांच्या पेटीची किल्ली इग्निशनमध्ये जाते आणि फिरतेसुद्धा. इग्निशनच्या पत्र्या इतक्या झिजल्यात की कोणी जरा अदबीने आत आलं की त्या वाट देतात. जड जुडगा वर्षानुवर्षं लोंबत राहिला की असं होतं, म्हणून इग्निशनची किल्ली एकटी ठेवावी म्हणतात. पेटीची किल्ली पेटीत मात्र फिरत नाही.

आणि हे सगळं सुरळीत झाल्यावर एके दिवशी उतारावर उभी केलेली गाडी चालूच होईना. नवी किल्ली, ओळखीची चिप, आणि इग्निशन ढिम्म. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत. मी किल्लीवर जोर करणार तोच एक आजोबा खिडकीशी आले, किल्लीकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, “स्टिअरिंग हलव.” पुढची चाकं वळलेल्या अवस्थेत दाबात राहिली होती आणि स्टिअरिंगच्या दांड्यात शिरलेली लॉकची खुंटी त्या दाबाने आवळली गेली होती. एका हाताने स्टिअरिंग जरा ओढून धरलं, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली, सुटलं. जोर केला असता तर किल्ली आत मोडली असती, कारण बऱ्याच किल्ल्या पितळेच्या असतात आणि हट्टात लोखंड पितळेला ऐकत नाही. किल्ली काढली की स्टिअरिंग किंवा गाडीची चाल, दोन्हींतलं निदान एक असं बांधून ठेवणं अमेरिकेत १९७० पासून नव्या मोटारींना सक्तीचं झालं. आजोबांना हे सालाबिलासकट माहीत नसावं. त्यांना ते कुठल्याशा ट्रकने शिकवलं असावं.

आता प्रश्न उरला जादा किल्ली ठेवायची कुठे. गाडीतच ठेवू असं भाचा म्हणाला, आणि त्याच्या आईने त्याच्याकडे बघितल्यावर गप्प बसला. बंपरखाली चुंबकाच्या डबीत ठेवतात, पण खड्ड्यातून जाताना डबी कुठे उतरेल सांगता येत नाही. आपल्याच घरात ठेवली तर जुडग्यावरच घराची किल्ली आहे, म्हणजे दोन्ही एकदम हरवणार. शेवटी काकांकडे दिली. काका व्यवस्थित माणूस. त्यांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर गाडीचा नंबर लिहिला आणि पाकीट लोखंडी कपाटाच्या चोरखणात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

परवा माझा जुडगा सापडेना. मी काकांच्या दारात उभा. काका आत गेले. बराच वेळ खडखड ऐकू आली. मग एकदा धाडकन. मग आतून हाक आली, “अरे, त्या दिवशी कोपऱ्यावर आपटल्यापासून याचं दार जरा तिरकं बसतंय. किल्ली फिरत नाहीये. तुझी ती काळी पूड घेऊन ये बघू.”

पूड हौद्यातल्या पेटीत होती.