चार खापरं आणि एक ठोकळा : 'एका चिखलीकरा'ला उत्तर

नमस्कार. कोल्हापुरात पंचगंगेवर असलेल्या शिवाजी पुलाबद्दलच्या माझ्या लेखाखाली 'एक चिखलीकर' या नावाने, म्हणजे नदीपलीकडच्या चिखली गावातून, तुम्ही लिहिलंत ते तीनदा वाचलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी मुद्दे सांगतो. एक, जुन्या दगडी पुलाचे गोडवे गाताना मी शेजारच्या नव्या पुलाला 'काँक्रीटचा ठोकळा' म्हणून मोकळा झालो. दोन, हा नवा पूल वर्षानुवर्षं रखडला तो 'चार खापरांपायी', म्हणजे जवळच्या टेकडीतल्या जुन्या अवशेषांपायी, पण तेवढं लिहायची माझी हिंमत झाली नाही. तीन, पूल झाला तरी पुरात पन्हाळा रोड बंदच पडतो, म्हणून रस्त्यावर चांगला पाच-सहा फूट भराव टाकायला हवा होता, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटी टोला : "घाटावर बसून पूल बघणाऱ्याला, पुलावरनं दुधाच्या किटल्या नेणाऱ्याचं काय कळणार?"

टोला बसला, राव. रविवारी सकाळी गाडी काढली आणि पुन्हा एकदा दोन्ही पूल बघून आलो.

ठोकळ्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. जुना पूल १८७० च्या दशकातला, म्हणजे दीडशे वर्षांच्या घरातला. त्याच्या कमानीत प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवून बसवलेला. वरून भार आला की दगड एकमेकांना आणखी घट्ट रेटतात आणि तो रेटा खांबांतून तळाच्या खडकात जातो. आत सळई नाही, लोखंड नाही. म्हणून बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलावरून आपण ट्रक, एसट्या, उसाचे ट्रॅक्टर नेले आणि तो कुरकुरला नाही. हे सगळं मी लेखात मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. लिहिलं नाही ते एवढंच, की दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही. कमानीत त्याला फक्त दाबच येतो, म्हणून तिथे तो राजा. कठड्यात मात्र तेच दगड नुसते एकावर एक रचून चुन्यात बसवलेले. आडवा धक्का आला की त्यांना धरून ठेवणारं काही नसतं. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याची मिनीबस असाच कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि १३ माणसं गेली. माझ्या लेखात त्या रात्रीवर एकच ओळ होती. ती कमी पडली, मान्य.

नव्या पुलावर गाडी लावून कठड्याला हात टेकवला. एक भरलेला ट्रक गेला तेव्हा तळव्याला बारीक थरथर कळली, आणि जॉइंटवरून चाकं जाताना धडक्-धडक् असा दोनदा आवाज आला. जुन्या पुलावर हे कधी जाणवलं नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात नव्याला हलका समजत होतो. वास्तविक काँक्रीटचा पूल थोडा लवतो, उन्हाने लांबतो, थंडीने आखडतो आणि त्यासाठीच त्याच्यात फट ठेवलेली असते, तोच हा जॉइंट. वाकताना जो ताण येतो तो सळई घेते. सळई असल्यामुळेच खांब सडपातळ ठेवता येतात आणि पुराच्या पाण्याला वाट जास्त मिळते. जुन्याचे जाडजूड खांब तेवढी वाट अडवतात. देखणा नसेल, पण ठोकळा म्हणणं अन्यायाचं होतं.

आता खापरं. इथे मात्र मी माघार घेणार नाही.

पूल ज्या ब्रह्मपुरीच्या पायथ्याशी आहे, ती टेकडी म्हणजे मूळ कोल्हापूर. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं आणि खाली सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. त्याच्या थोडं आधी इथेच ब्राँझची भांडी-मूर्ती सापडल्या होत्या, त्यात पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची एवढीशी मूर्ती. समुद्र इथून घाटापलीकडे, आणि समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी! दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा व्यापार रोमपर्यंत पोचला होता त्याचा हा पुरावा. 'जगात भारी' म्हणायला आपल्याकडे याहून चांगलं कारण नसेल, आणि तुम्ही त्याला खापरं म्हणता.

पण रखडण्याचा तुमचा राग खोटा नाही. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि ब्रह्मपुरीसारख्या संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला सरसकट बंदी आली. हौसेचा बंगला असो की लोकांचा पूल, कायद्याला फरक नव्हता. पुलाचं बरंच काम झाल्यावर हे आडवं आलं आणि अर्धवट सांगाडा नदीत तसाच उभा राहिला. मधे २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला. तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरूही झाला. आपला मात्र तसाच अर्धवट. सार्वजनिक कामांना त्या १०० मीटरमध्ये सवलत देणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं २ जानेवारी २०१८ ला आणि मिनीबस पडली २६ तारखेला. पुढे राज्यसभेत ते निवड समितीकडे गेलं. आपला पूल खुला व्हायला २०१९ उजाडलं. तेव्हा दोष द्यायचाच तर फट न ठेवता केलेल्या कायद्याला द्या. जॉइंट नसलेला काँक्रीटचा पूल जसा पहिल्या उन्हाळ्यात तडकेल, तसलंच हे प्रकरण. मातीखालच्या कोल्हापूरचा त्यात काय गुन्हा?

तिसरा मुद्दा पुराचा, आणि तो तुमचा रोजचा, माझा पाहुण्याचा. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी तिथून पात्राबाहेर पडली, की तुमच्याकडे जनावरं सोनतळीला हलवायची घाई सुरू होते, आम्ही शहरातले मोबाईलवर पाणी किती चढलं ते बघत बसतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ च्याही वर. पूल अशा वेळी काय करणार? नदी तेव्हा पुलाखालून कमी आणि शिवारातून जास्त वाहत असते.

पण भराव मागू नका, हात जोडून सांगतो. पुलापलीकडचा रस्ता पूरमैदानातून आडवा जातो आणि आंबेवाडी-चिखली त्याच्या वरच्या अंगाला. त्यावर सहा फूट माती-मुरूम टाकला की तो रस्ता राहत नाही, बंधारा होतो. आमची वाहनं कोरडी जातील आणि तुंबलेलं पाणी तुमच्या गोठ्यात आणखी दोन दिवस मुक्काम करेल. मागायचं तर खांबांवरचा रस्ता मागा, निदान मोठ्या मोऱ्यांची रांग मागा. खर्च कैक पट, वेळही लागेल. त्या मागणीच्या कागदावर सही करायला मी येतो, किटल्या निघायच्या वेळेला बोलवा.

मूळ लेखातला 'ठोकळा' आज काढला. तुमची 'चार खापरं' तुम्ही काढता का, ते टाउन हॉल म्युझियममध्ये तो पोसायडन बघून आल्यावर ठरवा. चहा माझ्याकडून.