छातीवर काय छापायचं, ते सगळ्यात शेवटी ठरवा

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसच्या हॅकेथॉनला, म्हणजे सलग 24 तास बसून प्रोग्रॅम लिहायच्या कार्यक्रमाला, आम्ही 120 टी-शर्ट केले होते. कार्यक्रम शनिवारी सकाळी नऊचा, आणि माल आला शुक्रवारी रात्री आठला. काळं पॉलिस्टर, पाठभर प्रायोजकांचे अकरा लोगो. माझ्या टीममधल्या दोघींना त्यातला सगळ्यात लहान टी-शर्टही मांडीपर्यंत येत होता. रविवारी सकाळी ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं, तेव्हा जेमतेम चाळीस जणांच्या अंगावर तो होता. बाकीच्यांनी रात्रीतच आपापले कपडे चढवले होते. फोटो बघून मला फार वाईट वाटलं, आणि यंदा कपड्यांचं काम मी मागून घेतलं.

खरं तर आमच्या कोल्हापुरात जर्सी म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस असे फुटबॉलचे संघ उतरतात, तेव्हा अंगावरच्या रंगावरून गॅलरीतला माणूस कुठल्या पेठेचा ते कळतं. गणपतीत मंडळाचा टी-शर्ट मिळालेला पोरगा पुढे वर्षभर तोच घालून दूध आणायला जातो. कंपनीचा टी-शर्ट मात्र दुसऱ्यांदा अंगावर चढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मंडळातली पोरं टी-शर्ट स्वतःला घालायचा म्हणून करतात आणि आपण तो दुसऱ्याला दाखवायचा म्हणून करतो. जो माणूस 24 तास त्यात बसणार, खाणार, डुलकी काढणार, त्याचा विचार आधी झाला पाहिजे.

टी-शर्टची ओढ प्रोग्रॅमर लोकांना कमी नसते. 1999 मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचे डेव्हलपर जमले, तिथून हॅकेथॉन हा शब्द चालू झाला. त्या प्रकल्पाचा खर्चही कित्येक वर्षं सीडी आणि टी-शर्टच्या विक्रीतून भागत होता. हॅकटोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात तर 2020 साली टी-शर्ट मिळावा म्हणून लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेल्या बदलांचा, इतका पूर आणला की आयोजकांना नियम बदलावे लागले. एवढी किंमत असलेली वस्तू आपण शेवटच्या आठवड्यात, सगळ्यात स्वस्त दर बघून उरकतो, हे मला पटत नाही.

यंदा मी सुरुवात कापडापासून केली. आपल्याला वाटतं इचलकरंजी तासाभरावर आहे, कापडाची काय चिंता! पण इचलकरंजीच्या यंत्रमागावर ताणा-बाणा घालून विणलेलं कापड निघतं, आणि टी-शर्टला लागतं होजिअरीचं, ताणलं जाणारं कापड. ते बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुपूरकडून येतं. म्हणून नमुना मागवून धुऊन बघायलाच आठ दिवस धरावे लागतात. धुणं टाळू नका. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि एल घेतलेला माणूस एममध्ये जातो. मी 180 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं), बायोवॉश केलेलं, म्हणजे एन्झाइमनं धुऊन मऊ केलेलं सुती कापड ठरवलं. 140चं स्वस्त पडतं, पण पांढऱ्यात आरपार दिसतं, आणि ते मुलींना घालायला लावणं बरोबर नाही.

छपाईचं मला एका जुन्या कारागिरानं शिकवलं. त्याच्याकडे मी पाच रंगांचं डिझाइन घेऊन गेले होते. त्यानं कागद हातात धरला आणि म्हणाला, "ताई, पाच रंग म्हंजे पाच स्क्रीन. दोन रंगांत बसवा की, पैसं वाचतील आणि उठून बी दिसंल." स्क्रीन म्हणजे छपाईची जाळी, ती प्रत्येक रंगाला वेगळी लागते. तो म्हणाला तसंच झालं. शंभरच्या वर नग असतील तर स्क्रीन प्रिंट परवडतं आणि धुण्याला टिकतं, फक्त शाई नीट भाजलेली पाहिजे. प्रत्येकाचं नाव वेगळं छापायचं असेल तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबानं कापडावर चिकटवणं, सोयीचं, पण त्याचा मोठा पट्टा छातीवर आला की तिथून हवा जात नाही आणि घाम साचतो. गडद लाल पॉलिस्टरवर पांढरं छापलं तर कापडाचा रंग वर येऊन पांढऱ्याचं गुलाबी होतं, हेही त्यानंच कपाटातला एक तुकडा काढून दाखवलं. भरतकामात बारीक अक्षरं भरून जातात, तेव्हा लोगोखालची टॅगलाइन तिथे नको.

मापाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. गूगल फॉर्मवर एस, एम, एल विचारून काही कळत नाही, कारण एका दुकानाचा एल 40 इंचाचा असतो आणि दुसऱ्याचा 42चा. मी एसपासून थ्री-एक्सएलपर्यंत एकेक नमुना मागवला, त्यावर छातीचं माप इंचात लिहिलं आणि दोन दिवस कॅन्टीनशेजारच्या टेबलावर ठेवला. बायकांच्या कटचे वेगळे. लोकांनी अंगाला लावून बघितलं, काहींनी घालून बघितलं. गेल्या वर्षी जी मुलगी "मला नको टी-शर्ट" म्हणाली होती, तिनं स्वतः येऊन नाव लिहिलं. तिला नको होता तो टी-शर्ट नव्हताच. तिच्या मापाचा कधी कुणी आणलाच नव्हता. अदलाबदलीला दहा टक्के नग जास्त सांगितलेत.

प्रायोजकांवरून मीटिंगमध्ये माझं थोडं वाजलं. ते पैसे देतात, मान्य. त्यांची नावं स्टेजच्या बॅनरवर मोठी घ्या, बॅगेवर घ्या. टी-शर्टवर आमचं नाव छातीच्या डाव्या बाजूला छोटं, पाठीवर वर्ष आणि "नाद नाही करायचा", बास. एका साहेबांना ते गावठी वाटलं. मला नाही वाटत. हे कोल्हापूर आहे, पुण्याचं शाखा-कार्यालय नव्हे. शेवटी मतं घेतली आणि ती ओळ राहिली.

अजून एक यादी मी हट्टानं वाढवली. रात्रभर चहा देणारे, गेटवर बसणारे, सकाळी हॉल झाडणारे अशी नऊ माणसं, त्यांनाही तोच टी-शर्ट, त्याच कापडाचा. कॅन्टीनच्या काकींना माप विचारलं तर त्या म्हणाल्या, "साडीवर घालायचा हाय, जरा सैल सांग. आणि पाठीवर माझं नाव येतंय का बघ." कारागिराला विचारलं. येतंय म्हणाला. ऑर्डर गुरुवारी जाते आहे; आमच्यातल्या कुणाचं माप राहिलं असेल तर बुधवारपर्यंत टेबलावरच्या वहीत लिहा.